बावीस बटणं म्हणजे बावीस श्रुती नव्हेत

षटकोनी बटणांच्या नव्या वाद्यांवर 'श्रुती' वाजवायला निघालेली आपली मंडळी एकाच प्रश्नावर भांडत बसली आहेत: सप्तकाचे भाग किती करायचे? कुणी २२ म्हणतं, कुणी ३१, कुणी ५३. आकडा ठरला की सेटिंगमध्ये जायचं, कंपनीने दिलेला पहिला लेआउट निवडायचा आणि कामाला लागायचं. कोणत्या बटणाशेजारी कोणतं बटण बसावं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो 'सोयीचा' प्रश्न समजला जातो, फोनचा कीबोर्ड निवडावा तसा.

माझं म्हणणं उलट आहे. आकड्यापेक्षा शेजार महत्त्वाचा. लेआउट म्हणजे संगीताबद्दलचं मत असतं. कोणते दोन सूर जवळचे, कोणते लांबचे आणि कोणते दोन सूर एकच मानले तरी चालतील, हे तो हाताच्या वतीने आधीच ठरवून टाकतो. आपण ते ठरवलं नाही, तर वाद्य बनवणाऱ्याने ठरवलेलं आपण मुकाट्याने वाजवतो.

मी दिवसा पगारासाठी कोड लिहितो आणि रात्री टॅब्लेटवर चालणारी षटकोनी पेटी. त्यामुळे पुढे थोडं गणित येईल. बेरीज-वजाबाकीच्या पलीकडचं काही नाही, घाबरू नका.

आधी या वाद्याचं कौतुक

पेटी शिकलेल्या कुणालाही हे माहीत आहे. पांढरी एकमधून अलंकार बसवला, बोटं पळायला लागली, आणि मग समोर गायिका आली आणि म्हणाली, "माझी काळी चार." झालं. तेच सूर, तोच अलंकार, पण बोटांची वाट पूर्ण वेगळी. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचनाच अशी आहे की सा हलला की आकार बदलतो. त्यावर आपल्या कारागिरांनी काढलेला तोडगा म्हणजे स्केलचेंजर पेटी. पट्ट्यांचा अख्खा सांगाडा सरकवायचा, बोटं तिथेच ठेवायची. सुतारकामाने केलेलं गणितच ते.

आयसोमॉर्फिक कीबोर्ड हेच काम रचनेतून करतो. त्याचा नियम एकच: एका दिशेला एक बटण सरकलं की स्वरांतर कायम तेवढंच. उजवीकडे एक बटण म्हणजे सा ते रे असेल, तर पाटावर कुठूनही उजवीकडे गेलं तरी तेवढंच अंतर. मग सा कुठेही धरा, यमनचा आकार तोच राहतो. एक अलंकार बारा वेळा शिकावा लागत नाही. गायकाच्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलणाऱ्या संगीताला याहून मोठी देणगी कोणती?

कल्पना जुनी आहे. हंगेरीच्या पाउल फॉन यांकोने १८८२ मध्ये असा पियानोचा कीबोर्ड काढला, स्वित्झर्लंडच्या कास्पर विकीने १८९६ मध्ये बटणांच्या रचनेचं पेटंट घेतलं. आज २८० षटकोनी बटणांचं ल्युमाटोन आहे, चौकोनी पॅडचं लिनस्ट्रुमेंट आहे, आणि ते न परवडणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांना टॅब्लेट आहे.

इथपर्यंत सगळे आनंदात असतात. भांडण पुढे आहे.

दोन दिशा, तीन सूर

आपल्या सुरांचा पाया तीन नैसर्गिक अंतरांवर उभा आहे. सा ते तार सा, म्हणजे दुप्पट कंपनसंख्या. सा ते प, म्हणजे दीडपट. आणि सा ते तो गांधार, जो चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडता ऐकू येतो, म्हणजे सव्वापट. सप्तकाचे १२०० समान भाग केले तर त्यातल्या एका भागाला सेंट म्हणतात. त्या मापात पंचम ७०२ सेंटवर आहे, स्वयंभू गांधार ३८६ वर.

गंमत अशी की या तिघांतलं एकही दुसऱ्या दोघांपासून बनत नाही. पंचमाच्या चार उड्या मारा, दोन सप्तकं खाली या, गांधार मिळतो. पण तो ४०८ सेंटचा असतो, ३८६ चा नव्हे. मधला साडेएकवीस सेंटचा फरक म्हणजेच ८१/८० हे गुणोत्तर. आपल्याकडे त्याला प्रमाणश्रुती म्हणतात. पंचमाच्या बारा उड्या मारल्या तरी सात सप्तकं नेमकी भरत नाहीत, साडेतेवीस सेंट उरतातच.

आता बटणांचा पाट बघा. तो सपाट आहे. सपाट गोष्टीला स्वतंत्र दिशा दोनच असतात. तिसरी दिशा दिसते खरी, पण ती पहिल्या दोघींची बेरीज असते. तीन स्वतंत्र अंतरं दोन दिशांत बसवायची, तर काहीतरी गिळावंच लागतं. कुठलातरी छोटा फरक शून्य मानावा लागतो. यातून कोणत्याही लेआउटची सुटका नाही. 'आमच्या कीबोर्डवर सगळं वाजतं' असं जाहिरात सांगते, तेव्हा ती ही एक गोष्ट दडवत असते.

म्हणून लेआउट निवडताना पहिला प्रश्न हा असायला हवा: हा काय गिळतो?

तीन उमेदवार

पहिला, ३१ समान भागांचा. युरोपात याला मोठा मान आहे. डच भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यांनी १९५० मध्ये त्यावर आख्खा ऑर्गन उभा केला. त्यातला गांधार ३८७ सेंटचा, म्हणजे जवळजवळ शुद्ध. मग घोडं कुठे पेंड खातं? ३१ भागांची पद्धत गिळते ती नेमकी प्रमाणश्रुतीच. पंचमाच्या चार उड्यांनी मिळणारा गांधार आणि स्वयंभू गांधार तिथे एकाच बटणावर येतात. तार जुळवताना ज्या फरकासाठी आपले लोक कान टवकारतात, तो फरक तिथे अस्तित्वातच नाही. युरोपच्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या संगीतासाठी ती उत्तम सोय होती, कारण त्यांना तो फरक नकोच होता. आपल्याला हवा आहे. त्यावर 'श्रुती'चं लेबल लावणं म्हणजे मीठ काढून टाकलेल्या पाण्याला समुद्र म्हणणं.

दुसरा, 'हार्मॉनिक टेबल' नावाचा लेआउट. एका दिशेला पंचम, दुसऱ्या दिशेला शुद्ध गांधार, तिसऱ्या दिशेला कोमल गांधार. शेजारची तीन बटणं एकाच बोटाने दाबली की कॉर्ड तयार. व्हिडिओत फार छान दिसतो. नेहमीच्या बारा समान सुरांत तो चालतो, कारण तिथे तीन गांधार एकावर एक ठेवले की नेमकं सप्तक भरतं. पण गांधार शुद्ध केला की ३८६ गुणिले तीन म्हणजे ११५९. तार सा ४१ सेंट लांब राहिला. ५३ भागांच्या पद्धतीत तो पुन्हा सापडतो, पण कुठे? पाच कोमल गांधार वर चढा आणि एक शुद्ध गांधार मागे या. ज्या संगीतात सगळं सा पासून निघतं आणि सा कडे परततं, त्याच्यासाठी तार सा शोधायला नकाशा लागणारी पेटी! कॉर्ड आपल्या रागसंगीताचा कणा नाही. ती वाजवायची सोय करण्यासाठी सा हरवायचा, हा सौदा कोणी आणि कोणाच्या वतीने केला?

तिसरा, विकी-हेडन. उजवीकडे एक बटण म्हणजे पूर्ण स्वर, वर उजवीकडे पंचम, वर डावीकडे मध्यम. तार सा थेट वर, दोन ओळी सोडून. लहान कॉन्सर्टिनांवर तो गाजला, आणि बारा सुरांसाठी मीही तो कोणालाही सुचवेन. भजनाच्या साथीला झकास. पण श्रुती आली की त्याची अडचण होते. एकमेकांपासून प्रमाणश्रुतीच्या अंतरावरचे दोन ऋषभ तिथे कुठे असतात माहीत आहे? सहा बटणं उजवीकडे आणि दोन ओळी खाली. बटणाची रुंदी एक धरली तर सरळ अंतर सव्वासहा बटणं. दोन सख्खी भावंडं गावाच्या दोन टोकांना राहायला गेली. भूपाचा धैवत आणि देसकाराचा किंचित चढा धैवत यांची तुलना करायला हात उचलून नेावा लागत असेल, तर तो फरक कानाला सवयीचा होणारच नाही.

दीडशे वर्षांपूर्वीचं उत्तर

चौथी रचना ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बोझांके यांची. १८७३ च्या सुमारास त्यांनी ५३ भागांची पेटी बांधून घेतली, आणि १८७७ मध्ये हिंदुस्थानी सप्तकाच्या विभागणीवर रॉयल सोसायटीसाठी निबंधही लिहिला. पुढे अमेरिकेच्या अर्व्ह विल्सन यांनी ही रचना षटकोनी बटणांवर आणली. तिच्यात उजवीकडे एक बटण म्हणजे पूर्ण स्वर. तिरकं वर गेलं की मोठा अर्धस्वर, तिरकं खाली गेलं की छोटा अर्धस्वर. ५३ भागांत हे ९, ५ आणि ४ असे पडतात. पाच उणे चार म्हणजे एक. हा एक भाग साडेबावीस सेंटचा, प्रमाणश्रुतीच्या अगदी जवळचा. आणि तो बसतो कुठे? थेट वर, दोन बटणांच्या फटीपलीकडे. अंतर पावणेदोन बटणं.

आता विकी-हेडनशी तुलना करा. तिथे तार सा पावणेदोन बटणांवर आणि श्रुती सव्वासहा बटणांवर. इथे श्रुती पावणेदोनवर आणि तार सा सव्वासहावर. आकडे हुबेहूब अदलाबदल झालेले. तार सा सव्वासहा बटणं लांब असणं हाताला खटकत नाही, पेटीवर तो आठव्या पांढऱ्या पट्टीवर असतोच. म्हणजे ज्याची सवय आहे ते अंतर कायम राहिलं, आणि जे कधी हाताशी नव्हतं ते हाताशी आलं.

ही रचना काय गिळते? पंचम शुद्ध ठेवून सा पासून पंचमाच्या आठ उड्या खाली मारल्या आणि सप्तकांनी वर आणलं, तर ३८४.४ सेंट मिळतात. स्वयंभू गांधार ३८६.३. फरक दोन सेंटहूनही कमी. ही रचना गिळते ती एवढीशी गोष्ट. अमक्याने साडेएकवीस सेंट गिळले, तमक्याने सप्तकच गिळलं, याने दोन. निवड कठीण आहे का?

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे, आणि ती मी प्रत्येक संगीतप्रेमी मित्राला कागदावर करून दाखवतो. सा पासून पंचमाच्या अकरा उड्या वर मारा, दहा खाली. सगळे सूर एका सप्तकात आणा. अकरा, दहा आणि स्वतः सा: एकूण बावीस. आज प्रचलित असलेली बावीस श्रुतींची गुणोत्तरं घ्या आणि या बावीस सुरांशेजारी मांडा. प्रत्येक सूर दोन सेंटच्या आत जुळतो. साखळीत मध्ये एकही रिकामी जागा नाही, टोकाला एकही जास्तीचा सूर नाही. आणि बारा उड्यांच्या अंतरावरच्या सुरांच्या जोड्या लावल्या की दहा जोड्या पडतात: दोन कोमल ऋषभ, दोन शुद्ध ऋषभ, असं करत दोन शुद्ध निषादांपर्यंत. जोडीविना उरतात दोनच सूर, सा आणि प. अचल स्वर! ज्यांना आपल्या परंपरेने कधी कोमल-तीव्र केलं नाही, तेच दोन.

बोझांकेच्या पाटावर या दहाही जोड्या वर-खाली अशा उभ्या दिसतात, एकाच दिशेत, एकाच अंतरावर. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांच्या २२ श्रुतींच्या पेटीत जोडीतली कोणती श्रुती हवी हे खुंटीने निवडता येतं. तिथे जे खुंटी करते, ते इथे बोट करतं, तेही वाजवता वाजवता.

'पण २२ तर २२ आहेत ना?'

सगळ्यात चिवट गैरसमज हाच. सप्तकाचे २२ समान भाग करायचे आणि त्यांना श्रुती म्हणायचं. आकडा जुळला म्हणजे गोष्ट जुळली, असा हा हिशोब. 'बावीस समान श्रुती' असं बिनदिक्कत लिहिलेली ॲप्स मी पाहिली आहेत.

भरताने नाट्यशास्त्रात षड्जग्रामात चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा श्रुती वाटल्या. गुणोत्तरं त्याने दिलेली नाहीत. ती आपण नंतर बसवली. जी बसवली त्यांत श्रुतीची मापं तीन आहेत: साधारण ९०, ७० आणि २२ सेंट. समान नाहीत. आणि सप्तकाचे खरोखरच २२ समान भाग केले तर पंचम येतो ७०९ सेंटवर, सात सेंट चढा. सा २४० हर्ट्झला धरा. तंबोऱ्याचा पंचम ३६०, तुमचा ३६१.५. सा च्या तिसऱ्या स्वयंभू स्वराशी त्याची सेकंदाला तीनदा टक्कर होते, ऐकणाऱ्याला लाटा ऐकू येतात. श्रुतींच्या नावाने ज्या पद्धतीत पंचमच बेसूर, ती घेऊन काय करायचं? २२ समान भागांची स्वतःची वेगळी मजा आहे, तिच्यात नवं संगीत रचणारे लोक आहेत, त्यांना माझा सलाम. फक्त तिला भरताच्या दाराशी आणून उभं करू नका.

आजची नेहमीची पेटी तरी कुठे निर्दोष आहे? तिचा गांधार १४ सेंट चढा. सा २४० ला असेल तर शुद्ध गांधार ३००, पेटीचा ३०२.४. तंबोऱ्यासोबत धरला की सेकंदाला नऊ-दहा थरथरी. ५३ भागांत तीच थरथर सेकंदाला एकावर येते. हा कानाने तपासता येणारा फरक आहे, श्रद्धेचा विषय नाही.

दुसऱ्या बाजूचे सोवळे

आता ज्यांना हा सगळा खटाटोपच विटाळ वाटतो त्यांच्याकडे वळतो. त्यांचं म्हणणं: श्रुती म्हणजे बटण नव्हे, मींड बटणावर येत नाही, दरबारीचा गांधार झुलतो, तो कुठे ठेवणार? यात तथ्य आहे. १९६३ मध्ये नझीर जयराझभॉय आणि स्टोन यांनी वादकांचे सूर यंत्राने मोजले, तेव्हा एकाच रागातला तोच स्वरसुद्धा एका जागी ठरत नाही असं दिसलं. बावीस खुंट्यांना सूर बांधलेले नाहीत, हे मला मान्य आहे.

पण या युक्तिवादाने पुढे काय होतं ते इतिहासात लिहिलं आहे. १९१० मध्ये कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्यावर वाद झडले. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्णपणे हटली नाही. या सगळ्यातून निष्पन्न काय? पेटी गेली नाही. ती देवळात, क्लासात, मैफलीत, कीर्तनात राहिली, आणि राहिली ती बारा समान सुरांची, १४ सेंट चढ्या गांधाराची. 'परिपूर्ण नाही म्हणून नको' म्हणणाऱ्यांनी सर्वांत अपूर्ण पर्यायाला रान मोकळं करून दिलं. पट्ट्या असणारच आहेत. प्रश्न एवढाच की त्या बऱ्या असाव्यात की वाईट.

आणि सूर हलतो, म्हणूनच शेजार महत्त्वाचा. एकच गांधार ठोकून बसवलेली पेटी 'हाच तो' असं सांगते. ज्या पाटावर दोन गांधार वर-खाली आहेत तो विचारतो, 'आत्ता कोणता?' उत्तर वाजवणाऱ्याच्या कानाने द्यायचं. मींड त्यातून येणार नाही, बरोबर. पण कान तरी शाबूत राहील.

मग करायचं काय

तुम्ही असं वाद्य घेणार असाल किंवा ॲप उतरवणार असाल, तर आधी दोन-चार रागांचे सूर कागदावर मांडा. कोणत्या जोड्यांतले कोणते सूर लागतात ते लिहा. मग वाद्यापाशी जा आणि तपासा: सा-प शुद्ध आहेत का? तार सा एका हातात येतो का? जोडीतले दोन सूर एका बोटाच्या हालचालीवर आहेत का? लेआउट कोणता फरक गिळतो, आणि तो फरक तुमच्या रागाला लागतो का? विकणाऱ्याला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, तर पैसे खिशात ठेवा.

आणि तुम्ही माझ्यासारखे कोड लिहिणारे असाल, तर जबाबदारी जास्त आहे. १९८३ साली ठरलेल्या मिडीमध्ये सूर १२८ आहेत. ५३ भागांनी भागलं तर जेमतेम २.४ सप्तकं. म्हणून आळशी प्रोग्रामर बारावर थांबतो, किंवा २२ समान भाग करून 'श्रुती मोड' असं बटण ठेवतो. चॅनल वाटून घेतले की अडचण सुटते. एका संध्याकाळचं काम आहे. वापरणाऱ्यांतले बहुतेक जण सेटिंग उघडतच नाहीत. तुम्ही जे डिफॉल्ट ठेवाल, तेच पुढच्या दहा वर्षांत क्लासमधल्या मुलांच्या कानाला 'बरोबर' वाटायला लागेल. बारा समान सुरांचंही असंच झालं. ते आपण वाद घालून स्वीकारलेले नाहीत, ते पेटीसोबत घरात आले.

या वेळी पेटी आपल्या हातात, आपल्याच कोडमध्ये घडते आहे. दोन गांधार शेजारी ठेवायला एक ओळ बदलावी लागते. ती बदला.